गोल पंगतवाली बाई

गेल्या महिन्यात चिखलीला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाला पंगत नव्हती. टेबलांवर भांडी मांडून ठेवलेली, आपण थाळी घ्यायची, हवं ते वाढून घ्यायचं आणि उभ्या उभ्या खायचं. याला बुफे म्हणतात, असं वधूपिता प्रत्येकाजवळ येऊन सांगत होता. बाया, माणसं, लेकरं एकाच गर्दीत जेवत होती. माझ्या शेजारी गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक उभे होते. ते म्हणाले, पाहा, आपल्या भागात हे पहिल्यांदा घडतंय, बाईमाणूस आणि बाप्यामाणूस एका वेळी जेवतंय. मी म्हणालो, पहिल्यांदा नाही. जत्रेत खानावळवाल्या बाईनं हे केव्हाच करून दाखवलं होतं.

"कोन, ती सोंगं नाचवनारी?" ते म्हणाले. "ते काय जेवन होतं? तमाशा होता तो." आणि त्यांनी आणखी एक जिलबी उचलली.

मी थाळी तशीच ठेवली आणि मांडवाबाहेर पडलो. मी फारसा बोलणारा माणूस नाही. ऑफिसात, घरात, भावकीत माझी ख्याती तीच. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावरही मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. ज्या गावानं त्या बाईच्या हातची वांग्याची भाजी बोटं चाटून खाल्ली, त्या गावाला आज ती तमाशेवाली वाटते. राग त्या मुख्याध्यापकांवर आहे, असं मला घर येईपर्यंत वाटत होतं.

तिचं नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. सगळे तिला बाई म्हणत. धान्य बाजाराच्या मागं दोन खोल्यांची तिची खानावळ होती. पाटी नव्हती. अडतीवरचे कारकून, शाळेचे मास्तर, मुक्कामाच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर असे आम्ही तिथं महिन्याचे पैसे भरून जेवायचो. महाराष्ट्र राज्य नवीन झालं होतं आणि मी अडतीवर कारकून म्हणून नवीन लागलो होतो. बाई अंगानं आडवी आणि आवाजानं उभी. पायात टायरच्या तळाच्या पुरुषी वहाणा. कोणी हसलं तर म्हणायची, बायकांच्या चपला करणारा चांभारही नवराच असतो, बाईला पळता येऊ नये अशाच तो करतो.

तिच्या खानावळीत पहिली जेवायची ती स्वतः. चोरून, चाखून बघितल्यासारखं नाही. दारात रस्त्याकडं तोंड करून पाट मांडायची, ताट पूर्ण वाढून घ्यायची आणि सावकाश जेवायची. आम्ही भिंतीला टेकून बसलेलो, पोटात कावळे कोकलत असायचे. एका नव्या कंडक्टरनं एकदा घड्याळ दाखवलं. बाईनं घास चावून पूर्ण केला, पाणी प्याली आणि मग म्हणाली,

"रांधलं म्या, धूर खाल्ला म्या, अन् पहिला घास तुह्या बापाचा काऊन?"

त्यानं मनगट खाली घेतलं. उत्तर नसलं की माणूस विचार करतो असं थोडंच आहे. आम्ही तिला विक्षिप्त म्हणून मोकळे झालो. 'बाई बिघडेल हाय' हे आमचं ठरलेलं वाक्य. ती चांगली होती असं सांगायला मी बसलेलो नाही. तिचा राग आंधळा असे. ज्याच्यावर खप्पामर्जी झाली त्याच्या वरणात तूप पडायचं नाही. एका विधुर मास्तरांना ती सगळ्यांसमोर विचारायची, बायको गेल्यावर तुम्हाले चूल कुठं असते ते तरी सापडलं का? ते बिचारे मान खाली घालून जेवायचे. कोणी 'छान झालंय' म्हटलं तर ती चिडायची. म्हणायची, छान झालं ते घरी जाऊन सांग, तिथं ऐकायला बसेल असंन कोनीतरी.

तिच्या सासरबद्दल कोणाला नक्की काही माहीत नव्हतं. नवरा लोणारकडं जिवंत आहे असं कोणी म्हणे, कोणी म्हणे वारला. एकदाच, तवा घासता घासता ती आपण होऊन बोलली. सासरी सगळ्यांचं झाल्यावर तिच्या वाट्याला भाकरीचा तव्याला चिकटलेला पापुद्रा यायचा. "तो खरवडता खरवडता नखं गेली माही," ती म्हणाली, आणि लगेच माझ्यावर खेकसली की, तू काय तोंड पाहून राह्यला, ताट उचल.

आता ज्या दिवसापासून सगळं सुरू झालं तो दिवस सांगतो.

कापसाचे दिवस होते. एक शेतकरी गाडी घेऊन बाजारात आला होता. तो जेवायला बसला. बाईनं तिचा नेहमीचा प्रश्न विचारला, बरोबर कोण आहे? तो म्हणाला, घरची आहे, गाडीजवळ बसली आहे, तिनं भाकर आणली आहे. ताजी का शिळी, बाईनं विचारलं. असेल कालची, तो म्हणाला.

बाईनं त्याच्या पुढची गरम भाजीची वाटी उचलली, वर दोन गरम भाकरी घेतल्या आणि रस्ता ओलांडून गेली. गाडीच्या चाकाला टेकून बसलेल्या त्या बाईच्या मांडीवर ते ठेवलं. तिच्या फडक्यातली शिळी भाकर उचलून आणली आणि ह्याच्या ताटात वाढली. "आता बरोबर झालं," म्हणाली. खानावळीत हसण्याचा नुसता गोंधळ. तो माणूस लाल झाला, पण सगळे बघताहेत म्हणून शिळी भाकर पाण्यात बुडवून खाऊ लागला.

मी दाराशी होतो. मला पलीकडचं दिसत होतं. त्याची बायको जेवत नव्हती. वाटी मांडीवर घेऊन ती खानावळीच्या दाराकडं बघत बसली होती. भाजीवरची वाफ गेली, तर्री गोठत आली. शेवटी तिचा नवरा हात धुऊन बाहेर आला. त्यानं नुसती मान हलवली, तेव्हा तिनं पहिला घास मोडला.

बाई माझ्या मागं येऊन उभी होती. तिनंही पाहिलं. तिला हरलेली मी पहिल्यांदा पाहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "माह्या सांगन्यानं नाही होत. देवानं सांगा लागंन."

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत आहे. पण बाईच्या तोंडातून निघालेलं नुसतं बोलण्यापुरतं कधीच नसायचं.

आमच्या भागात चैत्रात एका देवीची जत्रा भरते. नदीच्या कोरड्या पात्रात पाळणे, मिठाईची पालं, बांगड्यांची दुकानं. आणि जत्रेत सोंगं निघतात. हनुमान, नारद, यमराज, हिडिंबा, अस्वल. हे सोंगाडे म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरीच. पण सोंगाचा एक नियम आहे, तो माहीत नसला तर पुढचं कळणार नाही. तोंडाला रंग लागला की त्या माणसाचं नाव जातं. रंग धुवेपर्यंत तो तो नसतो, देवच असतो. लोक पाया पडतात. तो काही मागेल ते नाही म्हणायचं नसतं. आणि त्याला कोणी त्याच्या नावानं हाक मारली आणि त्यानं ओ दिली, तर सोंग उतरलं. मग तोंड धुवायचं आणि घरी जायचं. पोरं दिवसभर सोंगांच्या मागं त्यांची नावं घेत धावतात ती याचसाठी. पण सोंगाडे पक्के असतात. एका वर्षी हनुमानाला सांगायला माणूस धावत आला की, तुझी म्हैस अडली आहे, चल. तो हूप करून लिंबाच्या झाडावर चढला आणि तिथून त्यानं म्हशीला हात जोडले. रेडकू झालं, म्हैस वाचली, आणि हनुमानाचा मान वाढला.

बाईनं पुढच्या चैत्रात जत्रेत मांडव टाकला. कनात लावली, आणि पहिल्यांदाच पाटी लिहून घेतली. ती मीच लिहून दिली होती: 'सहकुटुंब जेवण. देव वाढतील.' पैसे माणशी नव्हते, कुटुंबामागं होते. पोटभर खा, पुन्हा घ्या. आत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, कढी आणि गोड बुंदी. भांडी मधे मांडलेली, आणि सोंगं हातात पळ्या घेऊन वाढायला. लेकरं तर वेडीच झाली. अस्वल बुंदी वाढतंय आणि हिडिंबा कढी प्यायचा आग्रह करते आहे, असं त्यांनी कुठं पाहिलं होतं?

पण बाईची खरी करामत पत्रावळींत होती. तिनं पंगत लांब मांडली नाही. प्रत्येक कुटुंबाच्या पत्रावळी गोल मांडल्या. लांब पंगतीत बायकांना मागं ठेवता येतं, पलीकडं बसवता येतं, नंतर उठवता येतं. गोलाला मागचं टोक नसतं. नवरा, बायको, सासू, लेकरं, जेवढी माणसं तेवढी पानं, आणि एक पान जरी रिकामं राहिलं तरी त्या गोलात कोणालाही वाढायचं नाही, असा तिचा हुकूम होता. बाया बसायच्या नाहीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणून देव.

पहिल्या वर्षीची एक म्हातारी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिचा म्हातारा पानावर बसला, ती पाठीशी उभी राहिली. हनुमान उडी मारून आला, तिच्या रिकाम्या पानासमोर मांडी घालून बसला आणि हात जोडले. बोलला नाही, हनुमान बोलत नसे. म्हातारा कुरकुरला की, आमच्यात असं नसतं. पण शेजारच्या गोलातले लोक म्हणू लागले, अहो, देव हात जोडून बसला आहे. म्हाताऱ्यानं शेवटी स्वतः एक रोडगा उचलला आणि तिच्या पानावर कुस्करला. ती बसली. पदर नाकापर्यंत ओढून, पदराआडून जेवू लागली. आणि थोड्या वेळानं पदराआडून आवाज आला, "अजून वांगं."

बाईनं ते ऐकलं. ती वळली आणि विनाकारण पाणक्याला शिव्या घालू लागली.

त्या जत्रेत मांडव भरभरून चालला. लोक हसत आत यायचे आणि बायका लाजत बसायच्या. पण बसायच्या. बाहेर पडल्यावर पुरुष म्हणायचे, देवाची मौज झाली, घरी काय असं करायचं आहे का? हे मी ऐकलं, बाईनंही ऐकलं. ती म्हणाली, एकदा गरम खाल्लं की जिभेले आठवन राहते. तिला दुसरं काही नको होतं. आणि याला आज लोक तमाशा म्हणतात.

दुसऱ्या वर्षी यमराज आला नाही, आजारी पडला. बाईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, तू उंच हायस. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिनं काजळ आणि तेलाची वाटी माझ्या हातात दिली होती. डोक्यावर म्हशीच्या शिंगांचा मुकुट, खांद्यावर काळं घोंगडं, हातात दोरखंडाचा फास. मला बोलायला लावून बघितलं. म्हणाली, आवाज पोटातून काढ, कारकुनासारखा काढू नको.

आणि मी चांगला यम झालो, हे सांगतो. अडतीवर ज्याचा शब्द कोणी ऐकत नव्हतं, तो मी मिशीवाल्या माणसांसमोर फास हलवत म्हणायचो, बायकोले बसव नाही तर चल माह्यासंगं, रेडा भाईर उभा हाय. लोक खो खो हसायचे आणि बायकांना बसवायचे. रंग लागला की माणसाचं नाव जातं, तसं भेकडपणही जातं असं मला वाटलं. निदान दुपारपर्यंत वाटलं.

दुपारी मांडवात माझे वडील आले. मागं माय आणि धाकटी बहीण.

आमचं गाव तिथून जवळ, पण ते या वर्षी जत्रेला येतील हे मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांबद्दल आधी सांगायला हवं. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही, आणि हे मी मित्रांना अभिमानानं सांगत असे. आमच्या घरी आधी पुरुष, मग लेकरं, मग चुलीजवळ अंधारात माय. मी तिच्या हातचं एवढी वर्षं खाल्लं, पण तिला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. हे माझ्या लक्षातही त्याच दिवशी आलं, डोक्यावर शिंगं घालून उभा असताना. ती काय खाते, किती खाते, तिला काय आवडतं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

वडील पानावर बसले. बहीण पटकन बसली, तिची नजर अस्वलावर होती. माय मागं उभी राहिली, दोन्ही हात पदराखाली. बाईला ते कोण आहेत हे ठाऊक नव्हतं. तिनं पळी माझ्या बरगडीत टोचली आणि म्हणाली, "यमा, जाय तिकडं. ती उभी हाय."

मी गेलो. मायनं मला हात जोडले. ओळखलं नाही. मी पोटातून आवाज काढला.

"बस, माय. यमाचं आवतन हाय. आज तू पहिली."

तिनं वडिलांकडं पाहिलं. आजूबाजूचे गोल आमच्याकडं बघू लागले. कोणीतरी म्हणालं, बसा हो काकू, यमाला नाही म्हणू नये. वडील माझ्या पायांकडं बघत होते. लहानपणी गाडीच्या चाकाखाली माझा अंगठा चेंगरला होता, त्याचं नख वाकडं वाढलं आहे. तोंडाला रंग होता, पायाला नव्हता.

माय वाकली. एक हात तिनं जमिनीला टेकवला. गुडघा मोडला. तिच्या चेहऱ्यावर मला काय दिसलं ते मी इतकी वर्षं शब्दांत धरायचा प्रयत्न केला आहे. तिला हसू येत होतं. ते ती दाबत होती.

वडिलांनी माझं घरचं नाव घेतलं.

ओरडून नाही. संध्याकाळी ओट्यावरून मला आत बोलवायचे तसं, हळू, एकदाच.

आणि मी म्हणालो, "जी."

एवढंच करायचं होतं, की बोलायचं नव्हतं. म्हैस अडली तरी तो शेतकरी बोलला नव्हता. आणि गप्प बसणं तर माझा स्वभाव. मी जन्मभर गप्प बसलो आहे. साहेबांनी कमी केलं तेव्हा गप्प बसलो, भावकीनं बांध कोरला तेव्हा गप्प बसलो. त्या एका वेळेला गप्प बसायचं होतं, तर त्या एका वेळेला माझं तोंड उघडलं.

कनातीजवळच्या पोरांनी गिल्ला केला, उतरलं, उतरलं, यम उतरला. मायनं जमिनीवरचा हात उचलला. उभी राहिली. लुगड्याला हात पुसला. आता तिनं मला ओळखलं. शिंगांकडं पाहिलं, काजळाकडं पाहिलं आणि विचारलं, "जेवला का तू?"

मग शेजारच्या गोलातली एक सून उठली. तिच्या तोंडात घास होता, तो तिनं उभ्यानं गिळला. तिच्यामागं तिची जाऊ उठली. मग पलीकडची. कोणी त्यांना उठ म्हटलं नव्हतं. देव खोटा निघाला, म्हणजे हुकूमही खोटा, एवढा साधा हिशेब होता. हनुमान एकेका बाईसमोर जाऊन हात जोडत होता, पण आता लोक त्याच्याकडंही निरखून बघत होते, हा कोणाचा कोण म्हणून. पुरुष बसून होते. एकाही पुरुषानं, ज्यानं आधी हसत बायकोला बसवलं होतं त्यानंही, राहू दे, जेव, असं म्हटलं नाही. माझा सगळ्यात मोठा संताप इथं आहे. एक शब्द लागत होता. मांडवभर शहाणी, लेकरांवर जीव टाकणारी, देवधर्म करणारी माणसं बसली होती, आणि एकाच्याही तोंडून तो निघाला नाही. वडील रोडगा कुस्करून वरण ओतत होते. त्यांनी पानावरचं अन्न टाकलं नसतं, तसे ते फार नेमाचे होते.

बाई पळी घेऊन मधे उभी होती. मला वाटलं, ती मला सगळ्यांसमोर झोडपेल. मी वाटच बघत होतो. ती जवळ आली आणि म्हणाली, जा, तोंड धू.

परतताना गाडीत वडिलांनी विचारलं, हे कोणी घातलं तुझ्या डोक्यात? मी म्हणालो, बाईनं. ते खरंच होतं. पण खरं कधी सांगावं हेही कळायला हवं. दुसऱ्या दिवशी वडील जत्रेच्या पंचांकडं गेले, आणखी दोघा-चौघांना घेऊन. देवांची विटंबना चालली आहे, पंचांनी ठरवलं. मांडव उठवला. हनुमान होणारा शेतकरी तेवढा पंचांना म्हणाला की, भुकेल्याला जेवू घालण्यात विटंबना कोणती? त्याला पुढच्या वर्षीपासून सोंग मिळालं नाही. ज्या पंचांनी निकाल दिला त्यांनी आदल्या दिवशी त्याच मांडवात दोनदा बुंदी मागून घेतली होती. ती मी स्वतः वाढली होती.

रोडग्यांचा ढीग उरला. बाईनं तो कोणाला वाटला नाही. नदीपात्रात सोडलेल्या गाड्यांच्या बैलांना घातला. एका गाडीवाल्यानं हटकलं की, माणसाचं अन्न जनावराला का? ती म्हणाली, "हे तरी जोडीनं खातात."

मी दुसऱ्या आठवड्यात खानावळीत गेलो. दुसरीकडं जायची हिंमत नव्हती आणि तिथं जायचीही नव्हती. बाई नेहमीसारखी दारात जेवली. मग ताटं मांडू लागली. मी माझ्या जागेवर बसायला गेलो, तर तिनं माझं ताट उचलून भिंतीशी ठेवलं आणि सांगितलं, तू मागून.

सगळे जेवले. भांडी घासणारी जेवली. मग पातेल्याच्या बुडाशी जे असेल ते माझ्या ताटात आलं. कधी गार भाकरीचा तुकडा, कधी नुसती कढी. कधी काहीच उरत नसे, तेव्हा ती चटणी द्यायची. कमी पडलं म्हणून तिनं मुद्दाम माझ्यासाठी कधी केलं नाही, आणि जास्त उरलं तर ते तिनं लपवलंही नाही. जे उरलं ते. ती यावर एक शब्द बोलली नाही. तिच्या तोंडून शिव्या ऐकायची सवय असलेल्या मला ते सगळ्यात जड गेलं. मास्तर, कंडक्टर माझ्याकडं बघून हसत. म्हणत, काय हो, सून झाले का तुम्ही या घरची? मी भिंतीशी बसून त्यांची ताटं रिकामी होताना बघत असे. कोण आणखी भाजी मागतो यावर माझं लक्ष असे. दुसऱ्यानं भाकरी मागितली की टोपल्यात किती उरल्या ते मी मोजायचो. माणसं जेवताना किती वेळ लावतात, मधेच गप्पा मारतात, पाणी पितात, ढेकर देतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी मनात म्हणायचो, हे मी भोगणार. माझी चूक आहे, मी फेडणार. जन्मभर असंच बसीन. मनात म्हणायला काय लागतं?

पाऊसकाळ सुरू झाला नव्हता, तोवरच मी मोडलो. अडतीवर दिवसभर पोती मोजून आलो होतो. आत वांग्याच्या भाजीचा वास होता आणि अजून कोणीच जेवायला आलेलं नव्हतं. मी बाईसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, आता पुरे.

तिनं भाकर थापता थापता वर पाहिलं. "पोट नाही भरत का?"

"भरतं कधी कधी."

"मंग?"

"थांबनं होत नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. चिडलेली नव्हती. मला वाटतं, तिला काहीतरी विचारायचं होतं, पण ते विचारण्याच्या लायकीचा माणूस समोर नाही हे तिला कळलं. तिनं हात धुतले, पाट मांडला, ताट घेतलं. तव्यावरची भाकर, भाजी, वरून तूप. तूपही घातलं.

"आज पहिले तू जेव," ती म्हणाली. "उद्यापासून येऊ नको."

माझी माय त्या वेळी आमच्या गावी चुलीपाशी बसली असेल, वडील अजून शेतातून यायचे असतील. तिला कोणी कधी विचारलं नव्हतं, थांबणं होतं का म्हणून. आजही माझ्या घरात माझं झाल्यावर बायको पान घेते आणि मी उठून ओसरीवर जातो. हे मला कळत होतं आणि कळतं. ते ताट मी परत सारायला हवं होतं, हेही कळत होतं.

मी पाटावर बसलो. भाकर गरम होती, बोटं भाजत होती. मी जेवलो.